समोरच्या खिशातलं कार्ड

एटीआर ७२ विमानाचं सेफ्टी कार्ड हाती आलं की आधी दारं मोजावीत. प्रवासी चढतात ते दार शेपटीकडे, डाव्या बाजूला. त्याच्या समोर उजवीकडे खाण्यापिण्याचं सामान चढवायचं दार. पुढच्या अंगाला, पहिल्या रांगेपाशी, दोन्ही बाजूंना एकेक लहान झडप; आणीबाणीत ती उचकटून काढायची. पंखावर उघडणारं दार मात्र नाही, कारण या विमानाचा पंख खिडक्यांच्या वर, छपराला जोडलेला असतो. दारं मोजून झाली की मास्क शोधावा. बोइंग किंवा एअरबसच्या कार्डावर हमखास दिसणारं, डोक्यावरून लोंबणाऱ्या प्राणवायूच्या मास्कचं चित्र इथे सहसा सापडत नाही. एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, आणि आपोआप खाली पडणाऱ्या मास्कची सक्ती त्या उंचीच्या वरच सुरू होते.

म्हणजे घडीच्या एका पुठ्ठ्यावरून विमानाची जात कळली, ते किती उंच जातं ते कळलं, आणि माणसं मागून चढवतात तेही लक्षात आलं. जळगाव, सोलापूर, अमरावती, सिंधुदुर्ग या गावांना अलीकडे विमान आलं ते बहुतेक याच जातीचं. मोठं जेट उतरवायला लांब धावपट्टी लागते आणि ते भरायला रोज दीडशे-पावणेदोनशे प्रवासी लागतात. सत्तर आसनांचं, पंख्यांवर उडणारं एटीआर कमी धावपट्टीत भागवतं आणि कमी इंधन पितं. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांच्या विमानप्रवासाचा इतिहास लिहायचा तर तो या कार्डापासूनच लिहावा लागेल, असं मला मनापासून वाटतं.

छोट्या विमान कंपन्या फार लवकर मरतात. त्यांच्या हिशोबाच्या वह्या कोर्टकचेऱ्यांत अडकतात, विमानं भाड्याची असतात ती मूळ मालक घेऊन जातो आणि दुसऱ्या देशात नव्या रंगात उडवतो, गणवेश कपाटात जातात. तिकिटं तर आता कागदावर नसतातच. उरतं काय? कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहिलेलं कार्ड. त्यावर कंपनीचं नाव, विमानाची नेमकी आवृत्ती, दारांच्या जागा, भाषा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत छपाईचा किंवा सुधारणेचा महिना. जाहिरात कंपनीला कसं दिसायचं होतं ते सांगते. कार्डाला खोटं बोलण्याची मुभा नाही, कारण त्याच्यावर जीव अवलंबून असतो.

दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे गोळा केले तेव्हा लोकांना ती घरातली अडगळ वाटत होती. आज पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयात त्याच अडकित्त्यांपुढे आपण थबकतो. रोजच्या वापरातली, कुणी जपून ठेवत नाही अशी वस्तू जपणं हे संग्राहकाचं खरं काम, ही शिकवण मी सेफ्टी कार्डं जमवताना तिथूनच घेतली.

कार्डावरची चित्रं कुठून आली याची गोष्ट दुःखाची आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला उड्डाणाच्या तयारीत असलेल्या बोइंग ७३७ ला धावपट्टीवरच आग लागली. विमान थांबलं होतं, दारं होती, तरी ५५ माणसं गेली. पंखावरचं दार नेमकं कसं काढायचं हे त्याच्याशेजारी बसलेल्या प्रवाशाला पटकन उमगलं नाही, आणि दारापाशी जायला जागाही अरुंद होती. आज त्या दाराचं चित्र कार्डावर इतकं मोठं आणि पायरीपायरीने काढलेलं असतं, हवाईसेविका त्या रांगेतल्या प्रवाशांशी वेगळं बोलते, दारापाशी जागा मोकळी ठेवतात आणि जमिनीलगत दिव्यांची ओळ असते, त्यामागे ही आणि अशा घटना आहेत. १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्येच केगवर्थजवळ विमान कोसळलं. ४७ मृत्यू झाले आणि वाचलेल्या कितीतरी जणांचे पाय मोडलेले होते. पुढच्या संशोधनातून अंग आवळून बसण्याची रीत सुधारली: पाय जमिनीला टेकलेले, गुडघ्यांच्या किंचित मागे, डोकं समोरच्या आसनाला लावलेलं.

तिसरं चित्र लाइफ जॅकेटचं. जॅकेट विमानाच्या आत फुगवू नका, दारातून बाहेर पडताना फुगवा, अशी खूण असते. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये अपहरण झालेलं इथिओपियाचं विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलं. काहींनी जॅकेटं आतच फुगवली होती. पाणी चढलं तसे ते छताला टेकले आणि दारापर्यंत पोहताच आलं नाही. त्या विमानातल्या १७५ पैकी १२५ जण गेले. जुन्या आणि नव्या कार्डांतली हीच चित्रं शेजारी ठेवून पाहिली की एका अपघाताने शिकवलेला धडा दुसऱ्या पिढीच्या प्रवाशापर्यंत कसा पोचला ते दिसतं.

आपल्याकडची घटना मला इथे सांगितलीच पाहिजे. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि पुढे जाऊन कोसळलं. ११८ पैकी ५५ जण मृत्यू पावले. लोकांच्या आठवणीत फक्त तो आकडा राहिला, पण ६३ जण त्यातून जिवंत बाहेर आले हेही तितकंच खरं आहे. विमान पडलं की सगळं संपलं, हा समज बहुतेक अपघातांच्या बाबतीत चूक ठरतो. ४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला प्रमाणपत्र मिळवताना अर्धी दारं बंद ठेवून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागतात. कार्ड म्हणजे त्या ९० सेकंदांची आधी केलेली उजळणी. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या विमानातून सगळे ३७९ जण सुखरूप उतरले. वरच्या कप्प्यातल्या बॅगा त्यांनी तिथेच सोडल्या होत्या.

आता घराकडे येऊ. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही रेल्वेची गावं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि त्यानंतर इथल्या माणसाचं घड्याळ लोकलने चालवलं. विमान म्हणजे गच्चीवरून दिसणारी, पूर्वेकडून मुंबईत उतरत जाणारी दिव्यांची रांग. पण कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की नेवाळीला एक धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, ब्रिटिशांनी आसपासच्या गावांतली १,६०० एकरांहून अधिक जमीन घेऊन तिथे विमानतळ उभारला. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन मात्र संरक्षण खात्याकडेच राहिली. शेतकरी पिढ्यान् पिढ्या ती कसत आले आणि परत मागत आले. २२ जून २०१७ ला नौदलाच्या कुंपणावरून तिथे भडका उडाला, रस्ता रोखला गेला, गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी जखमी झाले. डोंबिवलीत वाढलेल्या माझ्यासारख्याला विमानतळ हा शब्द चकचकीत वाटतो. मलंगगडाच्या पायथ्याच्या गावांत त्याच शब्दाचा अर्थ गेलेली जमीन असा आहे, आणि इथल्या हवाई इतिहासाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

युद्धाने अशा धावपट्ट्या मागे ठेवल्या आणि डकोटा विमानंही मागे ठेवली. युद्ध संपल्यावर लष्कराची ही विमानं स्वस्तात विकायला निघाली, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यातली कितीतरी दुरुस्त करून प्रवासी वापरासाठी तयार केली, आणि देशात विमान कंपन्यांचं पीक आलं. त्याआधीचा जमाना लहान होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते टपाल घेऊन, आणि पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात गेलं की सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, विमानसेवा सुरू झाली होती. डकोटाने मात्र हा धंदा संस्थानिकांच्या आणि टपालाच्या बाहेर काढला. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला इतका नेमका उपयोग त्याआधी क्वचितच झाला असेल.

कंपन्या मात्र गरजेपेक्षा जास्त झाल्या. १९५० मध्ये न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या समितीने तसं स्पष्ट सांगितलं. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्यांचं देशांतर्गत काम एका इंडियन एअरलाइन्समध्ये आलं: डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, काठियावाडच्या मार्गांवर वाढलेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, आणि एअर-इंडियाचा देशातला भाग. नव्या महामंडळाच्या ताफ्यात ७४ डकोटा होत्या. यातल्या एखाद्या कंपनीचा छापील कागद मिळाला, तर संग्राहक त्याला हात लावण्याआधी हात धुतो.

लहान गावांसाठी वेगळी कंपनी हवी ही कल्पना २६ जानेवारी १९८१ ला वायुदूतच्या रूपाने आली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स दोघींचं हे अपत्य. वायुदूतचं मुख्य विमान कानपूरला बनणारं डॉर्नियर २२८, १९ आसनांचं. हे विमान आतून हवेचा दाब राखत नाही, म्हणून कमी उंचीवर उडतं. त्यामुळे मास्कचा प्रश्नच नाही. आणि १९ किंवा कमी आसनं असली की जगभर बहुतेक ठिकाणी हवाईसेविका सक्तीची नसते. सूचना वैमानिक मागे वळून देतो, त्यानंतर प्रवासी आणि कार्ड, एवढेच उरतात. सर्वांत लहान विमानात कार्डाची जबाबदारी सर्वांत मोठी असते, हे मला या छंदानेच शिकवलं. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्नियर उजनीच्या जलाशयात कोसळलं आणि आतले सर्व ११ जण गेले. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

त्याच सुमारास आकाश खासगी कंपन्यांना खुलं होत होतं. ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट, मोदीलुफ्त, सहारा, एनईपीसी. यातल्या ईस्ट वेस्ट, दमानिया आणि जेटचा कारभार मुंबईतून चालायचा. दमानिया १९९३ ला उडाली, १९९५ ला एनईपीसीच्या हाती गेली आणि स्कायलाइन झाली, १९९७ ला थांबली. चार वर्षांत दोन नावं आणि पूर्णविराम! मोदीलुफ्तचा परवाना हात बदलत पुढे गेला आणि त्यातून २००५ ला स्पाइसजेट निघाली.

इथेच कार्डांचं काम सुरू होतं. तारीख नसलेलं कार्ड नावावरून ओळखता येतं. नुसतं ‘इंडियन’ असं नाव असलेलं कार्ड मिळालं तर ते २००५ च्या डिसेंबरनंतरचं, कारण तेव्हा ‘एअरलाइन्स’ हा शब्द गळाला. २००७ ला एअर इंडियात विलीनीकरण झालं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ते नाव पुसलं गेलं. एअर डेक्कनचं एटीआर घ्या. २००३ ला हुबळी-बंगळुरू मार्गावर सुरू झालेल्या या कंपनीने आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आपल्या ओळखीसाठी घेतला होता, म्हणून मराठी घरांत ती जरा जवळची वाटली. पुढे ती किंगफिशरकडे गेली, २००८ ला किंगफिशर रेड झाली, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळंच बंद पडलं. आधी डेक्कनचं कार्ड, मग किंगफिशरचं: दारं तीच, झडपा त्याच, फक्त चित्रातल्या माणसांचे कपडे आणि कडेचा रंग बदललेला. तसंच एअर सहाराचं कार्ड २००७ ला जेटने कंपनी घेतल्यावर जेटलाइटचं झालं. ही कार्डं ओळीने मांडली की कुणाचा धंदा कुणी गिळला याचा तक्ता आपोआप तयार होतो.

लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेनंतरची कार्डं अजून ताजी आहेत. २७ एप्रिल २०१७ ला योजनेची पहिली उड्डाणं झाली त्यात ट्रूजेटचं नांदेड-हैदराबादही होतं; ती कंपनी २०२२ ला थांबली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एअर डेक्कन हे नाव पुन्हा जागं झालं आणि १९ आसनी बीचक्राफ्ट मुंबई-जळगाव उडू लागलं. करोनाच्या टाळेबंदीने तेही संपवलं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून टिकली आहे. तिचं एम्ब्रेअर १४५ ओळखणं सोपं: कार्डावरच्या आसनांच्या नकाशात मार्गिकेच्या एका बाजूला एकच खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन. गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिला दोन अक्षरी संकेत मिळाला ‘आयसी’. हा संकेत वर्षानुवर्षं इंडियन एअरलाइन्सचा होता. जुन्या माणसाने आज फ्लाय९१च्या बोर्डिंग पासवर ही दोन अक्षरं पाहिली की त्याच्या छातीत काय होत असेल, ते मी चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

आता गोळा करायचं कसं? विमानातून उचलायचं नाही, कधीच नाही. कार्ड कंपनीची मालमत्ता तर असतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या प्रवाशाचा त्यावर हक्क असतो. दर उड्डाणाआधी प्रत्येक खिशात कार्ड आहे ना हे केबिनचे कर्मचारी तपासतात. एक कमी पडलं की बदली आणावी लागते. ‘विमानातून नेऊ नये’ ही ओळ कार्डावरच छापलेली असते, ती पाळावी. विमानाची रचना बदलली, नियम बदलला की जुनी आवृत्ती बाद होते आणि गठ्ठेच्या गठ्ठे लगद्याला जातात. कंपनीला पत्र लिहून अशी बाद कार्डं मागता येतात. परदेशात हवाई वस्तूंचे मेळे भरतात, संग्राहक आपसांत अदलाबदल करतात. या विषयावर ‘डिझाइन फॉर इम्पॅक्ट’ नावाचं पुस्तक २००३ मध्ये निघालं, त्यात पन्नास वर्षांची कार्डं चित्रांसह आहेत.

जपणूक आपल्याकडे जास्त कठीण. डोंबिवलीच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅमिनेशनच्या कडा सुटतात आणि आतल्या कागदाला बुरशी धरते. स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं की काही वर्षांत शाई प्लास्टिकला चिकटते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्यावीत, कार्डं उभी ठेवावीत, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि दर पावसाळ्याआधी बदलावी. रबर बँड लावू नये. आणि कार्डावर काही लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावं की ते कुणाकडून आलं, कधी, कोणत्या मार्गावरचं. चिठ्ठीशिवाय कार्ड अर्धं मुकं असतं. माझ्या डब्यातल्या भारतीय कार्डांवर इंग्रजी आहे, हिंदी आहे. मराठी कार्ड एकही नाही. जळगाव-मुंबई विमानात बसलेल्या आजीसाठी ते असायला हवं होतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. कल्याण-डोंबिवलीकरांना आता सांताक्रूझखेरीज आणखी एक विमानतळ आहे. या भागातल्या इमारतींत विमान कंपन्यांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं राहतात, आणि माझी सर्वांत मोलाची कार्डं त्यांच्याकडूनच आली.

आमच्या कॉलनीतले एक काका तीस वर्षं पहाटेची लोकल पकडून सांताक्रूझच्या वर्कशॉपमध्ये जात. दारांतल्या फुगणाऱ्या घसरपट्ट्या तपासून, घडी घालून परत बसवणं हे त्यांचं काम. घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांनी मला बोलावून एक पुठ्ठ्याचा खोका दिला. आत फोकर, बोइंग ७३७, एअरबस ए३००, प्रत्येक जातीचं एकेक बाद झालेलं कार्ड. ७३७ च्या कार्डावर पुढच्या दारातून दोन प्रवासी हात पुढे धरून घसरताहेत असं चित्र होतं. काकांनी त्या घसरपट्टीवर बोट ठेवलं.

“ही कितीदा उघडली असेल, काका?”

“आमच्या वर्कशॉपमध्ये? मोजदाद नाही रे,” ते म्हणाले. “ठरल्या मुदतीला काढायची, फुगवायची, कुठे हवा निघते का ते हात फिरवून बघायचं, आणि परत घडी. मी घडी घातलेली प्रवाशासाठी उघडायची वेळ एकदाही आली नाही.”

त्यांनी खोक्याला सुतळी बांधली, गाठ सैल केली, पुन्हा घट्ट बांधली आणि माझ्या हातात दिला.